आखूड मिशीची शिंगटी

शिंगटी मासळी हातात धरायची तर समोरून नाही, मागून. अंगठा एका बाजूच्या काट्यामागे, मधलं बोट दुसऱ्या बाजूच्या काट्यामागे, आणि पाठीवरचा काटा दोन बोटांच्या मधल्या पोकळीत. दाबायचं नाही, नुसतं अडकवून धरायचं. असं धरलं की ती धडपड थांबवते, काट्यांच्या सांध्यातून बारीक करकर आवाज काढते आणि तिच्या मिशा हळूहळू दोन्ही बाजूंना पसरतात. हे मला पप्पांनी शिकवलं तेव्हा मी अजून दोन वेण्या घालत होते. सायकल मला आजही नीट येत नाही, चारचौघांत बोलायची वेळ आली की आजही तळहात ओले होतात. पण शिंगटी धरताना माझा हात कधी थरथरला नाही. काटा एकदाच लागला, तो मी घाई केली म्हणून. बोट संध्याकाळपर्यंत ठणकत होतं. मम्मीनं ते सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात बुडवून धरलं आणि पप्पांच्या पाठीकडं बघत म्हणाली, "लोकांच्या पोरी भरतकाम शिकतात."

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत तळमजल्यावर भाड्यानं राहायचो. ओळीनं तीन खोल्या आणि मागं परडं. पुढच्या खोलीत पाहुणे, मधल्या खोलीत मासे आणि मागच्या खोलीत स्वयंपाक, असं मम्मी आल्यागेल्याला सांगायची. मधल्या खोलीत लाकडी मांडणीवर काचेच्या बरण्या होत्या आणि त्यांत फॉर्मॅलिनमध्ये उभे केलेले मासे. मला झोप लागायची ती त्यांच्याकडं तोंड करूनच. त्या औषधाचा वास आमच्या कपड्यांना, वह्यांना, कधीकधी अंथरुणालाही यायचा. मम्मी त्यावर उपाय म्हणून रोज सकाळी कांदा-लसणीची चटणी तेलात परतायची आणि मग सगळ्या घरात दोन्ही वासांची झटापट चालायची. बाहेर गल्लीत पोरं फुटबॉल खेळायची. चेंडू आमच्या खिडकीच्या गजावर आपटला की बरण्यांतलं पाणी हलायचं आणि सगळे मासे एकदम मान डोलवायचे.

परड्यात सिमेंटचा हौद होता. घरमालकानं तो बांधून घेतला तेव्हा आतली घोटाई करायची राहिली, ती राहिलीच. आतून तो किसणीसारखा खरबरीत होता. "ह्यात पातळ बुडवलं तर काठ निघून हातात यील," असं म्हणत मम्मीनं तो धुण्यासाठी कधी वापरला नाही. मग पप्पांनी तो माशांसाठी घेतला. तेव्हा मात्र मम्मीला त्याची किंमत कळली. "एवढा हौद माशास्नी आणि मला आंघोळीला बादली. पुढच्या जन्मी ह्या घरात मासा होऊन येतो मी."

पप्पा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मूळ गाव मुरगूड. शाळा तिथलीच, मराठीतली, वेदगंगेच्या काठावर पोहत-पोहत केलेली. कॉलेजात आल्यावर सगळं एकदम इंग्रजीत सुरू झालं, आणि ते इंग्रजी त्यांच्या अंगवळणी कधी पडलंच नाही. वर्गात ते अर्धं मराठीत शिकवायचे आणि मुलांना ते आवडायचं. पण पुस्तकं इंग्रजीत होती, मापं कळवायची ती इंग्रजीत, आणि मोठ्या लोकांशी बोलायचं तेही इंग्रजीत. मला इंग्लिश मीडियमला घातलं त्यामागं हेही एक कारण असणार, असं मला फार नंतर वाटलं. तेव्हा एवढंच कळायचं, की माझ्या शाळेतल्या मुलींच्या वडिलांना मुलींच्या इंग्रजीचं कौतुक होतं आणि माझ्या वडिलांना त्याची गरज होती. गरज असणं मला जास्त आवडायचं.

रविवारी सकाळी ते काम चालायचं. पप्पा मधल्या खोलीत चटईवर बसायचे, पुढं पत्र्याचा ट्रे, त्यात मासा. मी भिंतीला टेकून झेरॉक्स केलेलं जाड पुस्तक मांडीवर घेऊन वाचायची. त्या पुस्तकात मासा ओळखायची रीत प्रश्नांची होती. डोक्यावरची खाच मानेच्या हाडापर्यंत पोचते की अलीकडंच थांबते? पोचत असेल तर या आकड्याकडं जा, थांबत असेल तर त्या. पाठीवरच्या काटेरी परामागं जो मऊ, चरबीचा पर असतो, तो लगेच सुरू होतो की मधे जागा सोडून? वरच्या जबड्याची मिशी कुठवर जाते? मी इंग्रजी वाक्य वाचायची, पप्पा म्हणायचे, "म्हणजे?" आणि मी मराठीत सांगायची. मग ते बोथट सुई माशाच्या डोक्यावरून अलगद फिरवायचे, डोळे मिटून. "पोचते," म्हणायचे. मी पुढच्या आकड्यावर जायची. मी शाळेत बोलायची नाही, गल्लीत बोलायची नाही, घरी पाहुणे आले की स्वयंपाकघरात जायची. माझा आवाज मोकळा लागायचा तो फक्त रविवारी सकाळी. त्या खोलीत मी वाचायची आणि एक मोठा माणूस माझ्या शब्दावर थांबून राहायचा.

ज्यांनी कधी निरखून बघितली नाही त्यांना सगळ्या शिंगट्या सारख्याच वाटतात. खवलं नाहीत, रुपेरी-करडं अंग, तीन काटे, चार जोड्या मिशा. बाजारात त्या येतात तेव्हा काटे बहुतेक मोडलेलेच असतात, कारण कोळी त्या जाळ्यातून काढतानाच काटे मोडून टाकतात. पण मिशा राहतात. पंचगंगेची शिंगटी पप्पा बाजारातून ताजी, मेलेली आणायचे आणि आल्या-आल्या मापायचे. तिची वरची मिशी ओली करून अंगासरशी मागं ताणली की थेट शेपटीपर्यंत जायची. वेदगंगेची शिंगटी मात्र वेगळी होती. खाच तीच, चरबीचा पर तसाच लांब, पण मिशी पोटावरच्या परापाशीच संपायची. जाड, बोथट आणि आखूड. एखाद-दुसरी नाही, मुरगूडहून आलेली प्रत्येक. मांडणीची वरची फळी पंचगंगेची होती आणि खालची वेदगंगेची. दोन फळ्यांच्या मधल्या वीतभर जागेत पप्पांचं सगळं आयुष्य होतं, असं म्हटलं तर ते फार मोठं बोलणं होईल. पण त्यांनी दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. ही शिंगटी वेगळ्या जातीची ठरावी आणि तिच्या शास्त्रीय नावात मुरगूड यावं, एवढंच.

"गावाचं का? माझं ठेवा की," मम्मी भाकरी थापता-थापता म्हणायची.

"तुला मिशा कुठं आहेत?"

"तुमच्यासंगं ऱ्हाऊन येतील."

मासे मुरगूडहून आणायचे ते तात्या, पप्पांचे थोरले भाऊ. दुधाच्या ॲल्युमिनियमच्या किटलीत, नदीच्या पाण्यात, झाकणाला भोकं पाडून, एसटीनं. कंडक्टर दूध म्हणून किटली मांडीवर घ्यायला सांगायचा. "दूध न्हाय, मासं हाईत पावणं," असं तात्यांनी सांगितलं की शेजारचा माणूस उठून उभा राहायचा आणि तात्या ऐसपैस बसून कोल्हापूरला यायचे. ते दिवेलागणीला पोचायचे. पप्पा किटली परड्यात नेऊन हौदात हळूच तिरकी करायचे. मासे काळपट-हिरव्या पाण्यात गडप व्हायचे. कुणी हात लावायचा नाही, असा पप्पांचा दंडक होता. "दमून आलेलं जनावर आहे. आधी राहू दे. पाहुण्याला दारातच मापायचं असतं का?" रंग जिवंतपणीच बघायचा, मासा स्थिरावल्यावरच बघायचा, हे त्यांचं तत्त्व. म्हणून वेदगंगेचे मासे हौदातच राहायचे, गांडुळं आणि कणकेच्या गोळ्या खात, पार दिवाळीच्या नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत. मग सवडीनं एकेक बाहेर निघायचा.

आज हे लिहिताना मला ओरडून सांगावंसं वाटतं, की पप्पा, एकदा तरी किटलीत हात घाला. पण त्या दंडकात त्यांचा सगळा स्वभाव होता. दमलेल्याला ते हात लावायचे नाहीत. मी शाळेतून रडवेली आले तरी काही विचारायचे नाहीत. नुसतं पुस्तक काढून माझ्याकडं सरकवायचे.

मी अकरावीत गेले त्या वर्षी पप्पांनी धीर करून पुण्याच्या एका मोठ्या सरांना मापं पाठवली. इंग्रजी माझं. उत्तर आलं, की फरक लक्षात घेण्यासारखा दिसतो, दिवाळीनंतर मी स्वतः येऊन बरण्या बघेन. पप्पा ते उत्तर शर्टाच्या खिशात घेऊन फिरायचे. मम्मीनं माहेरी सांगून टाकलं. एसटीडी बूथवरून ती मामीला मोठ्यानं सांगत होती, "आवं, माशाला गावाचं नाव पडणाराय. व्हय, मुरगूडचंच. आता काय सांगू तुमास्नी, विंग्रजीतच पडतंय ते." मी बूथच्या काचेबाहेर उभी होते आणि मला इतका अभिमान वाटत होता की मी जमिनीकडं बघत राहिले.

गणपती उठल्यावर पप्पांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, आवाज खोल गेलेला. मम्मीनं चटणी परतायची बंद केली, घरात मुगाचं पाणी आणि उसाचा रस. त्याच आठवड्यात तात्या किटली घेऊन आले. मी दुपारीच हौद उपसून ठेवला होता, कारण पाण्याला वास यायला लागला होता आणि पप्पा आजारी असताना तेवढं तरी आपण करावं असं मला वाटलं होतं. नळाला पाणी यायला वेळ होता. मासे कुठं ठेवायचे? मी मम्मीचा धुण्याचा पांढरा प्लास्टिकचा टब ओढला.

"हात लावू नगंस बरं का म्याडम," तात्या म्हणाले. "तुझा बा उठून मारंल मला."

मी हात लावला नाही. मी नुसतं बघितलं. नदीचं गढूळ पाणी खाली बसलं तसे पांढऱ्या टबावर मासे स्पष्ट दिसायला लागले. पाच-सहा असतील. आणि त्यांच्या मिशा लांब होत्या. दोऱ्यासारख्या बारीक, लांब, अंगामागं वाहत शेपटीपर्यंत गेलेल्या.

"तात्या, ही पंचगंगेची आहेत का?"

"खुळी का काय? पंचगंगेची मासं मुरगुडास्नं घेऊन ईन व्हय मी? वेदगंगेचीच की. माझ्यासमोर काढली."

"मिशा बघा ना."

"मिशा हाईतच की. शिंगटीला मिशा नसतील तर काय कुकू असंल?"

ते हसले आणि आत पप्पांजवळ जाऊन बसले. मी टबाजवळ उकिडवी बसून राहिले. मला वाटलं, या वेळी नदीच्या वरच्या अंगाची काही वेगळी सापडली असतील. एका माशाच्या शेपटीच्या वरच्या टोकाला चीर होती, कात्रीनं छेद द्यावा तशी. ती माझ्या लक्षात राहिली. नळ आल्यावर मी हौद भरला आणि मासे आत सोडले. पप्पांना काही सांगितलं नाही, कारण ते झोपले होते, आणि नंतर सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलं नाही.

या वेळी पाणी नवं होतं, स्वच्छ होतं, तळ दिसत होता. पप्पा अंथरुणात, म्हणून गांडुळं घालायचं काम माझ्याकडं होतं. कॉलेज नसलं की मी हौदाच्या काठावर बसायची. शिंगट्या उजेडात तळाशी पडून राहायच्या. सावली आली की हालचाल सुरू व्हायची, आणि ती नेहमी भिंतीला धरून. तोंड भिंतीला लावून, मिशा भिंतीवर टेकवत, चाचपडत, त्या हौदाला फेऱ्या घालायच्या. नदीत मऊ गाळ असतो. तिथं त्या मिशांनी चाचपून खाणं शोधतात. इथं त्या तेच करत होत्या. खाणं वरून पडत होतं, तरी त्या भिंत चाचपत होत्या.

मला एका दिवशी कळलं असं झालं नाही. आधी वाटलं मिशा दुमडल्या असतील. मग वाटलं पाण्यात तशाच दिसत असतील. पुढं पप्पा उठून बसायला लागले, वरणभात खायला लागले. मम्मीनं पहिल्यांदा पुन्हा चटणी परतली. त्या सकाळी मी परड्यात गेले आणि चीर असलेली शिंगटी धरून वर काढली. मागून, तशीच, दोन काट्यांमागं बोटं अडकवून. ती करकरली. मिशा पसरल्या. मी एक मिशी ओली असतानाच अंगासरशी मागं नेली. ती पोटावरच्या परापाशी संपली. टोक जाड, बोथट. तीच शेपटी, तीच चीर, तोच मासा.

मी तिला परत सोडलं आणि हौदाच्या भिंतीवर पाण्याखाली तळहात टेकवून थोडा फिरवला. कातडी सोलवटली. त्याच वेळी घरातून मम्मीचा आवाज आला, "शीतल, पुण्याच्या सरांस्नी तिखट चालतंय का न्हाय, विचार गं पप्पांना."

माणसं विचारतात, की तू गप्प का बसली नाहीस. म्हणजे मी ज्या एक-दोघांना हे सांगितलंय, ते विचारतात. मी गप्प बसण्यातच वाढलेली मुलगी होते. गप्प बसणं मला सगळ्यांत सोपं होतं. पण ज्या माणसानं मला एक गोष्ट शिकवली होती, की सुई जिथं थांबते तिथंच थांबते म्हणायचं, त्याच्यापुढं बसून मी 'पोचते' कसं म्हणणार होते?

दिवाळीच्या आधीची दुपार होती. पप्पा अंगावर शाल घेऊन परड्याच्या पायरीवर उन्हाला बसले होते. आजारानं त्यांची मनगटं बारीक झाली होती. मी हौदातून ती शिंगटी काढून त्यांच्यासमोर ट्रेमध्ये ठेवली.

"अरे, हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय ना?"

"पप्पा, ही तात्यांनी आणली तेव्हा मी बघितली होती. टबात. शेपटीला चीर होती म्हणून लक्षात आहे. तेव्हा मिशी शेपटीपर्यंत होती."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. माशाकडं बघितलं. मिशी मागं नेली, सोडली, परत नेली.

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

मग ते उठले. शाल पायरीवर पडली, ती त्यांनी उचलली नाही. हौदाशी गेले, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घालून आतल्या भिंतीवरून फिरवत राहिले, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, डोळे मिटून, जशी सुई फिरवायचे तसा. हात बाहेर काढला तेव्हा बोटांची टोकं लाल झाली होती. ती त्यांनी उन्हाकडं धरून बघितली.

"मासा मरेल," ते म्हणाले. "पाण्यात सोड."

मी सोडला.

पुण्याला त्याच संध्याकाळी लिहायचं ठरलं. पप्पा मराठीत सांगत होते, मी इंग्रजीत लिहीत होते. "लिही, मी कळवलेली मापं बरोबर आहेत, पण मासे बरोबर नाहीत." मी लिहिल्यावर त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "नको. मासे बरोबरच होते. ते खोड." मी माझ्या मनानं एक वाक्य बनवलं आणि त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे, टाकीच्या खरबरीत भिंतींमुळं निष्कर्षात चूक निर्माण झाली आहे."

"म्हणजे चूक कुणाची झाली?"

मी ते वाक्य खोडलं.

"हौद काय एम.एस्सी. झालाय व्हय गं?" ते हसले. कावीळ उतरलेल्या त्या चेहऱ्यावरचं ते हसू मला अजून बघवत नाही. "माझी लिही. सोप्या इंग्रजीत लिही. मला कळेल असं."

मी लिहिलं. चार शब्दांचं वाक्य झालं. ते त्यांना न सांगता कळलं.

मम्मी दारात उभी राहून ऐकत होती. तिला मिशीचं आणि भिंतीचं काही समजलं नसावं, पण बाकी सगळं समजलं होतं. तिनं एकच विचारलं, "मग आता नाव न्हाय पडणार गावाचं?" पप्पा म्हणाले, "नाही." ती आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. त्या दिवशी भांडी दुपारीच घासून झालेली होती.

भाऊबीज झाल्यावर पप्पा आणि मी उरलेले मासे घेऊन मुरगूडला गेलो. तीच किटली, तीच एसटी. पप्पांनी किटली स्वतःच्या मांडीवर धरली होती आणि शेजारी कुणी उठून गेलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही आणि पप्पांनी सांगितलंही नाही. तात्या घाटावर थांबले होते.

"एवढी नेली, जतन केली, आणि आता परत सोडायलास?"

"त्यांच्या मिशा परत वाढतील, तात्या. गाळात गेली की वाढतात."

"तुला कुणी सांगितलं?"

"वाचलंय."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, मी वाचून सांगितलं असेल म्हणून. मी मान हलवली, नाही म्हणून नाही आणि हो म्हणूनही नाही. पप्पा गुडघाभर पाण्यात उतरले. किटली तिरकी केली. एकेक करून शिंगट्या बाहेर आल्या, क्षणभर त्यांच्या पायांजवळ घोटाळल्या, चाचपल्या आणि गेल्या. सगळ्या गेल्यावरही ते तसेच वाकून उभे होते. तात्या पुढं झाले आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "चल रं. पाणी गार हाय. आजारातनं उठलाईस." थोरल्या भावानं धाकट्याच्या काखेत हात घालून त्याला पाण्यातून बाहेर आणलं. इतक्या वर्षांत त्या दोघांना एकमेकांना स्पर्श करताना मी तेव्हाच बघितलं.

पुण्याच्या सरांचं उत्तर आलं ते एका रविवारी हातात पडलं. शनिवारी आलेलं असणार, घरमालकाकडं राहिलं होतं. मी मधल्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून बसले. पप्पांनी पाकीट फोडलं, कागद उलगडला. मी हात पुढं केला. त्यांनी तो दिला नाही. खिडकीशी जाऊन त्यांनी स्वतःच वाचायला सुरुवात केली. थोड्याच ओळी असाव्यात, पण त्यांना फार वेळ लागला. ओठ हलत होते. एका शब्दाशी अडकले, मागं गेले, परत आले. मी त्यांच्या पाठीकडं बघत 'म्हणजे?'ची वाट बघत बसले. त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "चांगले आहेत सर."

त्यानंतर त्यांनी मला काही वाचायला सांगितलं नाही. रागावले म्हणावं तर तसं काहीच नव्हतं. माझ्या मार्कांची चौकशी करायचे, मला पुण्याला शिकायला पाठवताना स्टँडवर बसच्या खिडकीतून पेरू दिले, मी सुट्टीत आले की माझ्यासाठी मुद्दाम मटण आणायचे. पण रविवारी सकाळी ते पुढच्या खोलीत पेपर वाचायचे. पुस्तक मांडणीच्या खाली गेलं. मी पुण्याहून घरी आले तेव्हा एकदा बघितलं, खालची फळी रिकामी होती. वेदगंगेच्या बरण्या त्यांनी वर नेऊन पंचगंगेच्या बरण्यांत मिसळून ठेवल्या होत्या. जागा कमी पडली म्हणून काही एकमेकांच्या मागं होत्या. खालच्या फळीवर मम्मीनं लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या. हौदात आता ती गोधड्या भिजवायची. गोधड्यांना खरबरीत भिंत चालते.

मी इंग्रजी घेतलं, मासे घेतले नाहीत. पप्पा निवृत्त झाल्यावर फार राहिले नाहीत. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात ते झोपेत उजव्या हाताची बोटं चादरीवरून फिरवत असायचे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. नर्स म्हणाली, होतं असं, लक्ष देऊ नका. मी तिथं बसून होते. एकदा मला वाटलं, आपण काहीतरी वाचावं. काय वाचावं ते सुचलं नाही. मग मी मला पाठ असलेलं म्हणाले, इंग्रजीत, हळू आवाजात. डोक्यावरची खाच मानेच्या हाडापर्यंत पोचते. चरबीचा पर लांब, लगेच सुरू होणारा. वरच्या जबड्याची मिशी... बोटं फिरत राहिली.

आता मी कोल्हापुरातच असते. माझ्याही कानांमागचे केस पांढरे झालेत. सुट्टीच्या दिवशी मासळी बाजारात जाते. शिंगटी आली असेल तर मासेवाल्या मावशी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात, पण साफ करून द्यायला त्यांचा हात शिवशिवतो.

"मिशा राहू द्या मावशी."

"आवं बाई, दर टायमाला काय हे? मिशांचं कालवण करता का काय?"

"राहू द्या."

त्या मान हलवून पिशवीत टाकतात. मी विचारते, कुठली आहे, आणि त्या कधी पंचगंगा म्हणतात, कधी दूधगंगा, कधी आठवून सांगतात, ही वेदगंगेची बघा, आज सकाळी आली. मग मी रिक्षा करते. घरी येऊन ओट्यावर पेपर पसरते, मासा त्यावर आडवा ठेवते, बोट पाण्यात बुडवून मिशी ओली करते आणि अंगासरशी मागं नेते. हळू, ताणायची नाही. पोटावरच्या परापाशी आलं की माझं बोट थांबतं. मी थोडा वेळ तिथंच थांबते.

मिशी पुढं जाते. दर वेळी जाते, थेट शेपटीपर्यंत. मग मी विळी घेते आणि मासा साफ करायला बसते.